वामकुक्षी आणि कामचुकारपणा

झाडाखाली आडव्या झालेल्या सफाई कामगाराची चित्रफीत गावभर पाठवणारे आपल्या कृत्याची जी कारणे सांगतात, त्यांतील 'पगार कामाचा मिळतो, झोपेचा नाही' हे कारण, पहाटे झाडू हाती घेतलेल्या माणसाने दुपारपर्यंत किती काम उपसले याचा हिशेब मांडताच गळून पडते. 'प्रगत देशांत असे चालत नाही' हेही खोटे आहे; जपानच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ च्या निद्राविषयक मार्गदर्शनात दुपारच्या आरंभी, ३० मिनिटांच्या आतील डुलकी कामासाठी उपकारक मानली आहे.

'दिवसा झोपू नये असे आपल्या शास्त्रातच सांगितले आहे' हा तिसरा दावा मात्र विद्वत्तेचा आव आणतो, म्हणून त्याची सविस्तर झडती घेणे आवश्यक आहे. दिवास्वाप, म्हणजे दिवसाची निद्रा, कफ व पित्त वाढवते असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय सांगतो हे खरे. परंतु तोच अध्याय श्रमाने, ओझे वाहून वा वाटचालीने थकलेल्यांना, तसेच वृद्ध, बालक व दुर्बळ यांना कोणत्याही ऋतूत दिवसा झोपण्याची मुभा देतो आणि ग्रीष्मात रात्री लहान व शरीर रूक्ष झालेले असल्यामुळे ही झोप प्रशस्त मानतो. त्याने ती आवर्जून वर्ज्य केली आहे मेदस्वी आणि नित्य स्निग्ध आहार घेणाऱ्या लोकांना. म्हणजे ज्या ग्रंथाचा धाक कामगाराला घातला जातो, तो ग्रंथ कामगाराच्याच बाजूने उभा आहे, आणि त्याचे अर्धेच वचन सांगून गरिबाला दोषी ठरवणे हे शास्त्राशी केलेले कपट आहे.

पुण्यातील दुकाने दुपारी एक ते चार बंद राहिली की ती शहराची परंपरा ठरते, गोव्यातील दुपारची विश्रांती कौतुकाने सांगितली जाते, आणि जेवणानंतर घरात डाव्या कुशीवर लवंडण्याला वामकुक्षी असे सुसंस्कृत नाव मिळते. रस्त्यावर पाठ टेकणारा तेवढा कामचुकार ठरतो, कारण दार लावून घ्यावे अशी खोली त्याच्यापाशी नसते. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन थेट उन्हात काम करवून घेण्यास मनाई आहे. चंद्रपूर-नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जात असताना येथील कामगाराला निदान सावली, पाणी आणि तासभर निवांतपणा देणे हे महापालिकांचे व कंत्राटदारांचे कर्तव्य आहे. नागरिकांनीही झोपलेल्या माणसावर कॅमेरा रोखू नये.