हे पाणी कोणाचे?

शास्त्रपाठ: स्तोत्रसंहिता, अध्याय ४२



बेचाळिसावे स्तोत्र आपल्या मंडळ्यांतून वारंवार वाचले जाते, आणि त्यातील तहानेलेली हरिणी लेकरांनाही ठाऊक आहे. परंतु ज्या गायकास पहिल्या वचनात पाण्याची एवढी तहान लागली आहे, तोच सातव्या वचनात पाण्याखाली बुडाल्यासारखा बोलतो, हे आपल्या ध्यानात आले आहे काय? तो मंदिरापासून दूर, यार्देन व हर्मोन यांच्या प्रदेशात आहे. तेथे धबधब्यांचा घोष त्याच्या कानी पडतो, आणि आपले दुःखच गर्जत आहे असे त्यास वाटते. पाणी जीव वाचवते आणि पाणी जीव घेतेही. ह्या गोष्टीविषयी आज विचार करू.

आमच्या मंडळीतील एका विधवेचा बारा वर्षांचा मुलगा आषाढातील पुरात ओढा ओलांडताना वाहून गेला. मातीच्या वेळी तिने आम्हास एकच प्रश्न विचारला, "पाळकसाहेब, पाणी देवानेच केले ना?" लोक पाहत होते, पाऊस पडत होता, आणि आम्ही घाईने उत्तर दिले, "बाई, देवाची इच्छा. आपण विचारू नये." ती गप्प झाली. पुढे ती उपासनेस येईनाशी झाली. आपण तिचे सांत्वन केले नाही, तिचे तोंड बंद केले, ही टोचणी आमच्या मनास लागून राहिली.

असे जड अंतःकरण घेऊन २०१८ सालच्या मार्च महिन्यात आम्ही काही यात्रेकरूंबरोबर हर्मोनाच्या पायथ्याशी गेलो. त्या स्थळास बानियास म्हणतात. त्याचे जुने नाव पानियास. अरबी भाषेत 'प' हा उच्चार नसल्यामुळे त्याचे बानियास झाले. शुभवर्तमानातील फिलिप्पाची कैसरीया ती हीच. १९६७ सालच्या युद्धापासून हा मुलूख इस्राएलाच्या ताब्यात आहे, व सीरिया त्यावर आपला हक्क सांगतो.

हर्मोन डोंगर २,८१४ मीटर उंच आहे. त्याच्यावर पडलेले बर्फ व पाऊस यांचे पाणी चुनखडीच्या खडकात मुरते आणि पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. बानियास येथे एका उंच कड्यात मोठी गुहा आहे. पूर्वी पाणी त्या गुहेतूनच निघत असे. आता ते तिच्या खालून झिरपून बाहेर येते. कड्यात प्राचीन काळच्या देवळ्या कोरलेल्या दिसतात. झऱ्यापाशी पाणी थंड व निर्मळ असून त्याचा आवाज फारसा नाही. ओंजळभर पाणी तोंडावर मारले, तेव्हा प्रवासाचा शीण गेला.

तेथून आम्ही नदीच्या काठाने खाली चालू लागलो. वाट लवकरच दाट झाडीत शिरते. चिनार, वाळुंज, अंजीर आणि आपल्या ओळखीची कण्हेर ही सर्व तेथे आहेत. मध्ये पाण्याच्या जोरावर चालणारी जुनी पिठाची गिरणी लागते. सुमारे साडेतीन किलोमीटरांत नदी १९० मीटर खाली उतरते. म्हणून जो ओहोळ झऱ्यापाशी निवांत होता, तोच पुढे फेसाळून धावू लागतो. घळ अरुंद होते. दोन्ही बाजूंस आपल्या सह्याद्रीसारखाच काळा दगड उभा राहतो. एके ठिकाणी तर वाट कड्याला टांगलेली आहे व पायांखाली पांढरे पाणी उसळत असते. आमच्या सोबतच्या एका वृद्ध भगिनीने तेथे आमचा हात घट्ट धरला. ती काही बोलत होती, परंतु तिचे ओठ हलताना दिसले, शब्द ऐकू आला नाही.

शेवटी धबधबा दिसला. तो सुमारे १० मीटर उंच आहे. अकोले तालुक्यातील प्रवरेचा रंधा धबधबा ज्यांनी पाहिला आहे, त्यांस हा लहानच वाटेल. तथापि त्या अरुंद घळीत त्याची गर्जना छातीत भरते. गायकाने हाच धबधबा पाहिला असे शास्त्रात लिहिलेले नाही. परंतु प्रदेश हाच. आम्ही एका दगडावर बसून ते स्तोत्र पुन्हा वाचले, आणि तीन गोष्टी आमच्या दृष्टीस पडल्या.

पहिली ही की, गायक विचारतो. देव आपणास का विसरला, असे तो देवालाच विचारतो, आणि त्याचा हा प्रश्न पवित्र शास्त्रातून कोणी खोडून टाकलेला नाही. दुसरी ही की, ज्या लाटा आपल्यावरून गेल्या त्या देवाच्याच, असे तो देवास म्हणतो. पाणी दुसऱ्या कोणाचे आहे असे म्हणून तो आपली सुटका करून घेत नाही. तिसरी ही की, लगेच पुढच्या वचनात तो दिवसा मिळणाऱ्या दयेचे व रात्रीच्या गीताचे स्मरण करतो. घोष थांबलेला नाही. घोषातच तो प्रार्थना करतो.

बंधूंनो, ते पाणी घळीत राहत नाही. खाली ते दान व हासबानी ह्या प्रवाहांस मिळून यार्देन होते, गालील समुद्रात जाते, आणि त्या समुद्रावर कोळी आपले पोट भरतात. परंतु ह्यावरून त्या बालकाच्या मरणातही लाभच होता, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे आईच्या जखमेवर मीठ चोळणे होय. आम्हास एवढेच ठाऊक आहे की, ह्याच कैसरीयेच्या प्रांतात पेत्राने प्रभूस ख्रिस्त म्हणून ओळखले, आणि तेव्हापासून प्रभू आपल्या दुःखाविषयी व मरणाविषयी शिष्यांस उघड सांगू लागला. तो काठावर उभा राहून बुडणाऱ्यास अर्थ सांगत बसला नाही. तो स्वतः खोल पाण्यात उतरला.

घरी परत आल्यावर आम्ही त्या बाईच्या झोपडीत गेलो. प्रथम आमच्या उतावळ्या उत्तराबद्दल तिची क्षमा मागितली. मग हे स्तोत्र तिला वाचून दाखविले. ती चुलीपाशी पाठमोरी बसून ऐकत होती. वाचन संपल्यावर तिने विचारले, "म्हणजे त्यानेही विचारले?" आम्ही म्हणालो, "होय बाई, त्यानेही विचारले." पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "पुन्हा वाचा."

उपदेशक बंधूंनो, शोक करणाऱ्याच्या घरी जाताना उत्तर घेऊन जाण्याची घाई करू नका. त्याच्या शेजारी बसा, त्याचा प्रश्न ऐका, आणि तोच प्रश्न त्याच्याबरोबर देवापुढे मांडा. आणि ज्यांच्यावरून आज लाटा जात आहेत, त्या तुम्हा सर्वांचा हात प्रभू घट्ट धरो. आमेन.