डॉक्टरांचे पाय कोण धुणार?



काही दिवसांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एका आजोबांना तैलाभ्यंगाचा संस्कार देण्यासाठी मी एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. वॉर्डात राउंड चालू होता. मोठे डॉक्टर पुढे आणि त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांची रांग. एक रिपोर्ट वेळेवर आला नव्हता. तेवढ्यावरून एका तरुण डॉक्टर मुलीला सर्व आजाऱ्यांसमोर असे काही सुनावण्यात आले, की मलाच मान वर करवेना. ती एक शब्द बोलली नाही. राउंड पुढे गेला. पाच मिनिटांनी तीच मुलगी सिस्टरवर ओरडली, सिस्टर मावशींवर ओरडल्या आणि मावशींनी आमच्या आजोबांना दरडावले, "गप पडून राहा ना जरा!" आजोबांचा गुन्हा काय? ते रांगेत सर्वांत शेवटी होते, एवढाच.

अपमान पाण्यासारखा असतो. वर ओतला की उताराने खाली येतो आणि शेवटी आजाऱ्याच्या खाटेखाली साचतो.

आपल्या नवी मुंबईत नेरुळ आणि कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. आपल्या धर्मग्रामातही डॉक्टर आहेत, अनेक घरांत नर्सेस आहेत, डॉक्टर होण्यासाठी शिकणारी मुले आहेत. त्यांना विचारा, म्हणजे ती सांगतील की निवासी डॉक्टरला किती तास जागावे लागते. केंद्र सरकारने १९९२ साली त्यांच्या कामाची मर्यादा सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी सांगितली होती. त्यानंतर ३२ वर्षांनी, २०२४ साली, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीला शिफारस करावी लागली, की आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम देऊ नये आणि एक दिवस सुटी द्यावी. मधल्या काळात काय चालले असेल, ते या दोन आकड्यांवरूनच समजावे. तक्रार केली तर उत्तर ठरलेले असते : "आम्हीही असेच शिकलो."

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी हिने आपले जीवन संपवले. जळगाव जिल्ह्यातील आदिवासी समाजातली ही मुलगी स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तिच्या तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर छळाचा आणि जातीवरून अपमान केल्याचा आरोप ठेवण्यात आला. निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे, आपले नाही. पण एक प्रश्न आपल्याला टाळता येत नाही. दुसऱ्यांचे प्राण वाचवायला शिकणाऱ्या मुलीला, आपले दुःख जिथे निर्भयपणे सांगावे, अशी एकही जागा का मिळाली नाही?

ही भीती फक्त डॉक्टरांपुरती राहत नाही. समजा, रात्री तीन वाजता एखाद्या आजाऱ्याचा रक्तदाब उतरू लागतो. शिकाऊ डॉक्टरला शंका येते. पण कालच 'एवढेही कळत नाही का?' असे त्याने सगळ्यांसमोर ऐकलेले असते. तो फोन हातात घेतो आणि पुन्हा खाली ठेवतो. त्या वाया गेलेल्या तासाची किंमत कोण देणार? खाटेवरचा आजारी!

संत लूक स्वतः वैद्य होते. त्यांचा सण आपण १८ ऑक्टोबरला साजरा करतो. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीची कथा मार्क आणि लूक दोघेही सांगतात. मार्क स्पष्ट लिहितो, की अनेक वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसले आणि तिचे दुखणे वाढतच गेले. वैद्य असलेले लूक एवढेच म्हणतात, की तिला कोणीही बरे करू शकले नाही. आपल्या व्यवसायातील माणसांविषयी बोलताना जीभ थोडी अडखळतेच! पण पुढचे लूकनीही लपवलेले नाही. ती स्त्री थरथरत प्रभूच्या पाया पडली आणि सर्व लोकांसमोर तिने सगळे सांगून टाकले. प्रभू येशू घाईत होता. याईराची मुलगी मरणाच्या दारी होती. तरी तो थांबला, त्याने तिचे ऐकून घेतले, तिला मुलगी म्हणून हाक मारली आणि शांतीने घरी पाठवले. घाबरलेला माणूस जिथे न भिता खरे बोलू शकतो, तिथेच तो बरा होऊ लागतो, मग तो आजारी असो वा डॉक्टर.

शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याच प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. वरिष्ठ कसा असावा, हे त्याने ओणवे होऊन दाखवले. दमूनभागून आलेल्या आणि जेवायलाही वेळ न मिळालेल्या शिष्यांना तो एकांतात विश्रांतीसाठी घेऊन गेला. 'मीही असाच शिकलो', असे तो म्हणाला नाही.

बंधुभगिनींनो, दोष फक्त रुग्णालयांचा नाही. डॉक्टरला आपण आधी देव करतो आणि देवाकडून चूक झाली की दगड उचलतो. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जमावाने एवढे मारले, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. घरातील मुलगा 'मला झेपत नाही' म्हणाला, तर 'लोक काय म्हणतील?' असे आपणच त्याला विचारतो. आणि मीही या रांगेतलाच आहे. मिस्सा पाच मिनिटे उशिरा सुरू झाली, म्हणून वेदीसेवक मुलांवर मी ओरडलो आहे. त्या दिवशी ती मुले घरी जाऊन कोणावर ओरडली असतील?

म्हणून या आठवड्यात तीन गोष्टी करू या. जे डॉक्टर आहेत, त्यांनी आपल्या हाताखालच्या एकाला तरी सांगावे : "रात्री केव्हाही फोन कर, मी रागावणार नाही." ज्यांची मुले वैद्यकीय शिक्षण घेत आहेत, त्यांनी मार्कांची चौकशी करण्याआधी विचारावे : "जेवलास का? झोपलीस का?" आणि आपण सर्वांनी आपल्यावर झालेला अपमान खाली न ओतता आपल्यापाशीच थांबवावा, प्रभूच्या चरणी ठेवावा.

हे प्रभो, जे आम्हांला बरे करतात, त्यांना तू बरे कर. आमेन.