गेलेलें लेकरूं पुन्हां घडवितां येईल काय?

एका खेड्यांतील मंडळीस भेट देण्यास आम्ही गेलों असतां, उपासना आटोपल्यावर एक बंधु आमच्याजवळ येऊन बसले. त्यांचा नऊ वर्षांचा एकुलता एक मुलगा गेल्या पावसाळ्यांत सर्पदंशानें वारला. कांहीं वेळ मुकाट्यानें बसून ते म्हणाले, "पाळकसाहेब, शास्त्रज्ञ लोक मेंढराच्या अंगांतील एका कणापासून तसेंच दुसरें मेंढरूं घडवितात असें ऐकतों. माझ्या लेकराच्या देहाचा अंश कोणीं राखून ठेविला असता, तर तो पुन्हां झाला असता काय? आणि तसें करणें पाप झालें असतें काय?"

हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, म्हणून त्याचा येथें विचार करितों.

प्रथम खरें काय घडलें तें पाहूं. स्कॉटलंड देशांत एडिंबरो शहराजवळ रॉझलिन येथील संशोधनसंस्थेंत ता. ५ जुलै १९९६ रोजीं डॉली नांवाची मेंढी जन्मली. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेंतील पेशी घेऊन, ती दुसऱ्या मेंढीच्या गाभा काढून टाकिलेल्या अंड्याशीं जोडिली, आणि तो गर्भ तिसऱ्या मेंढीच्या उदरांत वाढविला. ह्या रीतीस क्लोनिंग म्हणतात. २७७ अंड्यांवर हा प्रयोग केला, तेव्हां एकच कोंकरूं जिवंत जन्मास आलें. आपल्या देशांतहि कर्नाल येथें २००९ सालीं ह्याच धर्तीवर म्हशीचें रेडकूं जन्मलें. तें थोड्याच दिवसांत मेलें. २०१८ सालीं चीन देशांतील शास्त्रज्ञांनीं दोन माकडें अशा रीतीनें जन्मास आणिल्याचें प्रसिद्ध केलें. मनुष्याचें मूल असें जन्मल्याचा खात्रीलायक पुरावा मात्र कोणीं दिलेला नाहीं.

आतां त्या बंधूचा पहिला प्रश्न. असें मूल झालें असतें, तर तें गेलेलें मूल असतें काय? नाहीं. एकाच गर्भाचे दोन भाग होऊन जीं जुळीं जन्मतात, तीं रूपानें इतकीं सारखीं असतात कीं शेजारी फसतात. पण तीं दोन आहेत हें आई जाणते. प्रत्येकाची भूक निराळी, प्रत्येकाची सदसद्विवेकबुद्धि निराळी, आणि देवापुढें प्रत्येकाचा जाब निराळा. क्लोनिंगनें झालेलें मूल हें उशिरां जन्मलेलें जुळें भावंड होय. बापाच्या मांडीवर बसल्याची त्या पहिल्या मुलाची आठवण त्यास कोठून असणार? शरीराचा सारखेपणा म्हणजे जीवाचें परत येणें नव्हे.

दुसरा प्रश्न पापाचा. कित्येक म्हणतात, देवाच्या कामांत मनुष्यानें हात घालूं नये. एवढेंच उत्तर आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. आम्ही आंब्यास कलम करितों, आजाऱ्यास औषध देतों, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानितों. मग दोष कोठें आहे? एक तर, एका जिवंत कोंकरासाठीं इतकें निष्फळ झालें. मनुष्यांत हें करूं गेल्यास किती मातांनीं तें सोसावें, आणि व्यंग घेऊन जन्मलेल्या बालकांचा जाब कोणीं द्यावा? परंतु ह्याहूनहि खोल दोष हा कीं, तें मूल दुसऱ्या कोणाची जागा भरण्यास मागविलेलें असतें. "तो असें करीत असे, तूं कां करीत नाहींस?" हें त्यास जन्मभर ऐकावें लागेल. मूल ही देवाची देणगी आहे. देणगीचें रूप घेणाऱ्यानें ठरवावयाचें नसतें. ज्या देशांत डॉली जन्मली, तेथील स्कॉटलंडच्या मंडळीच्या महासभेनें १९९७ सालींच मनुष्याच्या क्लोनिंगास विरोध दर्शविला. आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या नियमांतहि त्यास मनाई आहे.

तथापि परक्यांस दोष देऊन आपण मोकळे होऊं नये. मुलगाच पाहिजे म्हणून गर्भांतील मुलीचा नाश करणारीं घरें आपल्या आसपास नाहींत काय? गर्भाचें लिंग पाहण्यास १९९४ च्या कायद्यानें मनाई केली, तरी मनांतील हट्ट कायद्यानें जात नाहीं. आपल्या मर्जीप्रमाणें मूल मागण्याचें पाप करण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं.

आणि उद्यां असें मूल खरोखर जन्मलेंच तर? तर तेंहि देवाच्या प्रतिरूपाचें मनुष्यच होय. दोष घडविणाऱ्यांचा, मुलाचा नव्हे. त्यास मांडीवर घ्यावें, बाप्तिस्मा द्यावा, शाळेंत घालावें. ज्यांच्या वाडवडिलांस केवळ जन्मावरून हलकें लेखून गांवाबाहेर ठेविलें, त्या आपण तरी कोणाचा जन्म कसा झाला हें पाहून त्यास हलकें लेखूं नये.

त्या बंधूस आम्हीं दावीद राजाची आठवण दिली. मूल आजारी असतां तो भुईवर पडून राहिला; तें गेल्यावर उठला, स्नान केलें, परमेश्वराच्या घरीं गेला. मूल आपल्याकडे परत येणार नाहीं, आपणच त्याच्याकडे जाणार, हें त्यानें ओळखिलें. आपली आशा अशीच आहे. पुनरुत्थानाच्या दिवशीं देव कोणाची प्रतिकृति देणार नाहीं. ज्यास त्यानें नांवानें हांक मारिली, त्यासच उठवील.

मग आम्ही दोघे त्या मुलाच्या कबरेपाशीं गेलों. तेथें आम्ही फार बोललों नाहीं. उपदेशक बंधूंनो, असा प्रश्न घेऊन कोणी आपणांकडे आल्यास त्याचें अज्ञान काढूं नका. त्याच्या प्रश्नामागें दुःख आहे. आधीं त्याच्याजवळ बसा, मग शास्त्र उघडा.