टाके काढून टाकल्यावर

ब्रिटनमध्ये १९६३ साली ‘मिरर’ नावाची छोटी शिडाची होडी विकायला आली, ती सुट्या भागांच्या रूपात. टेलिव्हिजनवर घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल आणि होड्यांचे रचनाकार जॅक होल्ट यांनी ती आखली होती. पाठबळ ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राचं. लांबी जेमतेम ११ फूट. प्लायवूडचे कापलेले भाग तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, शिवणीवर रेझिनमध्ये भिजवलेली फायबरग्लासची पट्टी बसवायची आणि ती घट्ट झाली की बाहेर डोकावणाऱ्या तारा कापून टाकायच्या. अशा होड्यांची संख्या पुढे ७० हजारांवर गेली. त्यांतल्या कितीतरी होड्या लोकांनी घरीच, गॅरेजमध्ये बांधल्या.

नौकाबांधणीच्या इतिहासात मी या होडीला फार वरचं स्थान देतो. लाकडी होडीचं सगळं कसब सांध्यात असतं. फळीला बाक देणं, तिची कड शेजारच्या फळीला पाणी शिरणार नाही अशी बसवणं, हे सुताराच्या हातात उतरायला वर्षं जातात. मिररने तो भार रसायनावर टाकला आणि ज्यांनी कधी रंधा धरला नव्हता त्यांनाही स्वतःच्या होडीतून पाण्यावर जाता आलं.

आज घरी होडी बांधणारा बहुधा इपॉक्सी वापरतो. लाकडाला ती मिररच्या काळच्या पॉलिएस्टर रेझिनपेक्षा कितीतरी घट्ट धरते. पण तिची शिस्त कडक आहे. पॉलिएस्टर रेझिनमध्ये उत्प्रेरक १-२ टक्के लागतो आणि हवा पाहून तो थोडा कमी-जास्त करता येतो. इपॉक्सीचा हार्डनर, म्हणजे तिला घट्ट करणारा घटक, मात्र स्वतःच रेणूंच्या जाळ्यात गुंफला जातो. लवकर सेट व्हावं म्हणून तो जास्त ओतला, तर जोडीदार न मिळालेला हार्डनर तसाच उरतो आणि सांधा कमजोर राहतो. कालवलेलं मिश्रण खोल डब्यात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापून धुमसू लागतं. पसरट ट्रेमध्ये ओतलं की हाताशी वेळ मिळतो. दमट हवेत काही हार्डनर पृष्ठभागावर मेणचट थर आणतात. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा थर नीट धरत नाही. रंध्यावरचा हात लागला नाही तरी माप, नजर आणि हवेचं भान इथे पुरेपूर लागतं.

सांधा जोडण्याच्या या विद्येची दोन्ही टोकं गोव्यात बांधलेल्या दोन नौकांत दिसतात. रत्नाकर दांडेकर यांनी दिवार बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ला लाकडाचा गाभा आणि फायबरग्लासचं कवच आहे, तिच्यातूनच दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. आणि अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून घडवलेलं, २०२५ साली नौदलात आलेलं ‘कौंडिण्य’ काथ्याच्या दोरीने शिवलेलं आहे. तिथे टाका हाच सांधा. तो जहाजाच्या आयुष्यभर भार वाहतो, आणि शिवण उसवून एखादी फळी बदलताही येते.

घरच्या होडीत टाके निघून जातात आणि उरतो तो जोड उसवत नाही. सेट झालेली इपॉक्सी पुन्हा वितळत नाही. फायबरचं कवच कुजत नाही, आणि कापायला घेतलं तर काचेची धूळ उडते. एवढा टिकाऊ पदार्थ अंगणात कालवणाऱ्यावर त्या टिकाऊपणाची जबाबदारीही येते, असं मला मनापासून वाटतं.

ती पेलता येण्यासारखी आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी इपॉक्सी खराब होते, म्हणून वरचा रंग किंवा व्हार्निश वेळच्या वेळी द्यायचं. भोक पडलं तर जाडीच्या बारापट लांबीचा उतार घासून त्यावर नवं ठिगळ चढवायचं. ६ मिलिमीटरच्या प्लायला तो ७२ मिलिमीटर होतो. होड्यांचे आराखडे विकणारे बांधणीचा टप्पा न् टप्पा चित्रांसह समजावतात. तितक्याच आस्थेने त्यांनी दुरुस्तीचीही पानं द्यावीत, आणि ती पहिला प्लाय कापण्याआधी वाचायला सांगावीत.