आतले भांडण कोणाचे?

एक मन म्हणते क्षमा करावी, दुसरे म्हणते मुळीच नको. नामपल्लीत आम्ही मराठी माणसे रस्त्यावर तेलुगू नि दखनी बोलतो. हा वाद मात्र बहुधा मराठीतच चालतो!

अमेरिकेतील कुटुंबोपचारक रिचर्ड श्वार्ट्झ यांनी 1980 च्या दशकात रुग्णांचे असेच बोलणे ऐकून एक उपचारपद्धती बसविली. मन हे कुटुंबच. काही भाग घर सांभाळतात, काही आग विझवायला धावतात, काही दुखावलेले, कोंडून ठेवलेले. ह्यांपलीकडे शांत, कनवाळू असा 'स्व' असतो; त्याने प्रत्येकाचे ऐकावे. कोणताच भाग मुळात वाईट नाही, असे ते म्हणतात.

येथे आम्ही थबकतो. पौलानेही रोमकरांस पत्राच्या 7 व्या अध्यायात हीच ओढाताण मांडली. पण सुटकेसाठी तो ख्रिस्ताकडे वळला. शिवाय शब्बाथ शाळेत मुलाला थप्पड मारून शिक्षक म्हणाला, "तो माझा रागीट भाग," तर? रागाला अवश्य विचारावे, बाबा, तू कोणाला राखतोस? त्यामागे लहानपणी मार खाल्लेले पोर दडलेले असेल. त्याला जवळ घ्यावे. पण गालावर उठलेली बोटे शिक्षकाची आहेत. पुढच्या रविवारी त्या मुलापुढे क्षमा मागावयास सबंध शिक्षकच उभा राहिला पाहिजे.