टोचलेल्या गाई

दिवाळीच्या अंकात गुराढोरांच्या रोगाविषयी लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, हे मला कळते. पण दिवाळीचा आपला पहिला दिवाच मुळी गाय-वासरापुढे लागतो. वसुबारसेला ज्या पायांवर आपण पाणी घालतो, त्या पायांना काय होते हे विचारायला याहून बरा मुहूर्त कोणता?

लाळ्या-खुरकूत हा रोग खेड्यात वाढलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. जनावराला ताप चढतो, तोंडातून लाळेची तार लोंबू लागते, जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येऊन फुटतात. चारा पुढ्यात असून खाववत नाही, पाय असून उभे राहवत नाही. दूध आटते. तरीही मोठे जनावर यातून बहुधा उठते. तुरटीच्या पाण्याने तोंड धुवावे, मऊ चारा घालावा, खुरांत किडे पडू देऊ नयेत. दोन-तीन आठवड्यांत ते पुन्हा रवंथ करू लागते. मरतात ती लहान वासरे. रोग त्यांच्या काळजालाच धरतो. मेलेले वासरू चिरून पाहिले तर हृदयावर वाघाच्या अंगासारखे पट्टे दिसतात, आणि शास्त्रात त्याला 'वाघाचे हृदय' असेच नाव आहे. हे नाव ठेवणारा कवी असावा, नाहीतर त्याने फार वासरे चिरलेली असावीत.

या रोगाचे मूळ जर्मनीत फ्रीडरिश लोफ्लर आणि पाउल फ्रॉश या दोघांनी १८९७-९८ साली शोधले. फोडातले पाणी त्यांनी अशा गाळणीतून काढले की तीतून कोणताही जंतू पार होऊ नये. तरी त्या पाण्याने वासरे आजारी पडली. पहिल्यापासून दुसरे, दुसऱ्यापासून तिसरे. नुसते विष असते तर ते वाटता वाटता पातळ झाले असते. हे वाढत होते. जनावरांच्या विषाणूची माणसाला झालेली ही पहिली ओळख. पुढे त्याचे सात प्रकार सापडले, आणि एकावरची लस दुसऱ्याला लागू पडत नाही हेही कळले. १९३८ पर्यंत जर्मनीतच उपयोगी पडेल अशी लस तयार झाली. म्हणजे रोग ओळखीचा झाला, उपायही हाताशी आला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. मला वाटले असते, गोष्ट इथे संपली.

पण २००१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या एका कत्तलखान्यात काही डुकरांना हा रोग दिसला, आणि सप्टेंबरअखेरपर्यंत त्या देशात साठ लाखांवर जनावरे मारली गेली. त्यांतली बहुतेक आजारी नव्हती. रोग निघाला ते शेत चोवीस तासांत रिकामे करायचे, आणि लगतची शेते अठ्ठेचाळीस तासांत, असा दंडक होता. लाखो जनावरे तर रोगाच्या संशयावाचूनच गेली. ने-आण बंद झाल्यामुळे ती जागच्या जागी अडकून पडली होती आणि चारा संपला होता. एप्रिलमध्ये डेव्हन परगण्यात मेलेल्या आईच्या शेजारी एक पांढरे वासरू पाच दिवसांनी जिवंत सापडले. त्याचे नाव फिनिक्स ठेवले गेले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, देश हळहळला आणि सरकारने नियम सैल केला. कादंबरी लिहिणारा म्हणून मला याचे नवल वाटत नाही. साठ लाखांसाठी कोणाला रडता येते? पण मास्तर म्हणून ते पटत नाही. छायाचित्र छापून आले म्हणून एका मुलाची छडी चुकवायची, आणि शेजारच्या बाकावरच्याला ती मारायची, याला मी दया म्हणणार नाही.

माझे मन खरे अडते ते त्याच वर्षीच्या हॉलंडमधल्या हकीकतीपाशी. तिथे रोगाला वेढा घालायला लाखाहून अधिक जनावरांना लस टोचली. आणि रोग आटोक्यात आल्यावर ती टोचलेली जनावरे मारून टाकली. कारण व्यापाराचे होते. 'लसीवाचून रोगमुक्त' अशा देशांची एक यादी असते, आणि त्या यादीत नाव असले की मांसाला बाहेरची बाजारपेठ खुली राहते. टोचलेली जनावरे मारली तर ते नाव तीन महिन्यांत परत मिळे. जगवली तर बराच अधिक काळ थांबावे लागे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टोचलेल्या गाईचे रक्त आणि रोग होऊन गेलेल्या गाईचे रक्त वेगळे ओळखणे त्या वेळी अवघड होते, आणि टोचलेल्या जनावराच्याही घशात विषाणू महिनोन् महिने दडून राहू शकतो. भीती अगदी खोटी नव्हती.

आजारी जनावर मारून शेजारचा कळप वाचवणे मला समजू शकते. क्रूर आहे, पण त्यात हिशेब आहे. टोचलेल्या गाईचे तसे नाही. सुई हातात घेऊन माणूस गाईजवळ जातो तेव्हा तो तिला शब्द देतो, की हा काटा तुझ्या भल्यासाठी आहे. तिला तो शब्द कळत नाही. म्हणूनच तो मोडणे इतके सोपे जाते.

हे वाचून कोणी 'आमच्याकडे असले काही होत नाही' म्हणून छाती फुगवील, तर त्याने जरा थांबावे. आपण मारत नाही हे खरे. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर टोचणीचा मोठा कार्यक्रम सुरू केला. कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला आणि दर सहा महिन्यांनी लस, अशी योजना. पण लंगडणारा बैल पुढच्या बाजारी उभा करून रोगासकट दुसऱ्याच्या गळ्यात मारणारा माणूस आपल्यातलाच असतो. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या निघतात. अशा एका बैलाबरोबर रोगही कारखान्याच्या तळापर्यंत जातो. मारण्याचे पाप नको म्हणून मरणाची वाटणी करायची, असा हा प्रकार.

आमच्या शाळेच्या गावात एक गृहस्थ आहेत, मुलगा माझ्याच वर्गात आहे. त्यांची संकरित गाय भरदुधाची. लस टोचली की चार दिवस दूध उतरते, म्हणून ते टोचू देईनात. मी समजावायला गेलो.

"गुरुजी," ते म्हणाले, "दूध जाणार माझं, आणि रोग टळणार सगळ्या गावाचा. डेअरीत मापाला गाव येऊन उभं राहणार आहे का?"

मी त्यांना हॉलंडच्या गाई सांगितल्या. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तिथं टोचून मारल्या, आणि मी न टोचता मारीन, असंच ना तुमचं म्हणणं?"

यंदा भाद्रपदात डॉक्टर लस घेऊन आले, तेव्हा त्यांनी गाय आपण होऊन बाहेर आणून उभी केली. म्हैस मात्र मागल्या दाराला बांधून ठेवली होती.