मोड आणि मोल

कामठ्याच्या एका वृद्ध गृहिणीने आपल्या संसारातील पितळी गुंड मोडीत काढावयाचे ठरविले आणि शेजारधर्म म्हणून तिच्याबरोबर गोंदियाच्या भांडेबाजारापर्यंत जाण्याचे मी पत्करले, तेव्हा वस्तूंच्या मूल्याविषयी चिंतन करण्याचा माझा मुळीच इरादा नव्हता. गुंड जाड पत्र्याचा, भंडाऱ्याकडच्या कारागिराच्या हातचा. त्याच्या गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेले तिच्या सासूचे नाव, गावाचे नाव आणि सन. दुकानदाराने तो काट्यावर ठेवला, मोडीचा भाव सांगितला, घट वजा केली. अक्षरांकडे त्याने पाहिलेही नाही. त्याचे चुकले असे म्हणता येत नाही. पितळ वितळले की त्यावरची अक्षरेही वितळतात, हे त्याच्या धंद्याचे पहिले सूत्र आहे.

त्याच वर्षी, २०२५ च्या २९ एप्रिलला, लंडनच्या सदबीज या लिलावगृहात नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा पाया घालणाऱ्या पहिल्या रघूजींची तलवार विक्रीस आली, आणि महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळविली. सर्व खर्च धरून सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये पडले. ज्या कामठ्याची जमीनदारी भोसल्यांच्या अंमलाखाली होती आणि जेथल्या चिमणा पटेलाने १८१८ च्या धामधुमीत इंग्रजांविरुद्ध बंड उभारले, तेथल्या माणसास ही वार्ता परकी वाटण्याचे कारण नव्हते. मला मात्र तिच्यातील एका तपशिलाने गुंतवून ठेवले. तलवारीचे पाते युरोपीय बनावटीचे आहे. सरळ, एकधारी, ज्याला आपल्याकडे फिरंग म्हणत, तसे. अशी पाती त्या काळी समुद्रमार्गे दक्षिणेत पुष्कळ येत. ती दुर्मिळ नव्हेत. मुठीवरील सोन्याचे नक्षीकाम सुबक खरे, पण तशा मुठीही अनेक संग्रहांत सापडतात. या तलवारीला हजारांतून वेगळे काढले ते पात्याच्या पाठीवर सोन्याने लिहिलेल्या एका ओळीने. त्या ओळीत रघूजींचे नाव आहे आणि सेनासाहेबसुभा हा त्यांचा किताब आहे. म्हणजे लोखंड परक्याचे, मोल अक्षरांचे. आणि गोंदियाच्या काट्यावर ज्यांना शून्य किंमत मिळाली तीही अक्षरेच होती.

प्राचीन वस्तूंचा व्यापार करणारे लोक या गोष्टीला मालकीची परंपरा म्हणतात. वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली याची अखंड साखळी, शक्य तर कागदोपत्री. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपू सुलतानाच्या शयनगृहातून मिळालेली तलवार सेनापती बेअर्ड यास सन्मानार्थ देण्यात आली. मे २०२३ मध्ये बॉनहॅम्स या लिलावगृहाने ती विक्रीस काढली तेव्हा अंदाजी किंमत १५ ते २० लाख पौंड होती; हातोडा पडून सर्व हिशेब झाला तेव्हा आकडा १ कोटी ४० लाखांवर गेला होता. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्क येथे गांधीजींचा चष्मा, चपला, खिशातले घड्याळ, ताट आणि वाटी यांना मिळून १८ लाख डॉलर आले. त्या ताटवाटीतील धातूची मोड किती झाली असती, हे सांगावयास कासाराची गरज नाही. (अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या पुरुषाची चीजवस्त एका मद्यसम्राटाने विकत घ्यावी, हा विनोद इतिहासाने स्वतःच केला, त्यात भर घालण्याचे धाडस मी करीत नाही.)

कारागिरी, दुर्मिळता, वय, सुस्थिती ही मूल्याची इतर कारणे ग्रंथांतून क्रमाने सांगितलेली असतात, आणि ती खोटी नाहीत. परंतु त्यांतील एकही स्वयंसिद्ध नाही. सुस्थितीचेच पाहा. आपल्या घरातील स्त्रिया चिंच आणि राख घेऊन तांब्यापितळेची भांडी आरशासारखी लखलखीत करीत आल्या, आणि त्यातच घराची अब्रू आहे असे मानीत आल्या. लिलावगृहातील पारखी मात्र तसे घासलेले भांडे पाहून हळहळतो, कारण काळाने चढविलेली जी काळसर झिलई त्यास हवी असते, ती नेमकी चिंचेने नेलेली असते. दुर्मिळतेचेही तसेच. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया येथे १८७० साली गुरे चारणाऱ्या मुलांना तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे सापडले. इतके दुर्मिळ दुसरे काय असावयाचे? तरीही तो साठा जाणत्याच्या नजरेस पडण्यापूर्वी एखाद्या बाजारात गेला असता, तर ८२९ पौंड तांबे म्हणूनच तो भट्टीत गेला असता.

मग नाव पुरेसे आहे काय? नाही, आणि याचा पुरावा नागपुरातच आहे. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, पुढल्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले, आणि मग वाड्यातील चीजवस्तूंची हर्रासी सुरू झाली. पिलखान्यातील हत्ती, पागेतील घोडे, उंट आणि बैल सीताबर्डीस जमवून कवडीमोलाने विकले गेले, जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात धाडले गेले, आणि सामान हलविले तर वाड्यास आग लावीन असे वृद्ध बाकाबाईंनी बजावल्याचे के या इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेविले आहे. ते हत्ती कोणाचे, हे त्या मैदानात ठाऊक नसणारा एकही माणूस नव्हता. परंपरा अखंड होती, साक्षीदार शेकड्यांनी होते, नाव तर सबंध प्रांताच्या मुखी होते. आणि तरी भाव आला नाही. ज्यांस त्या नावाचे मोल कळत होते त्यांचे हात रिते होते, नाही तर भीतीने बांधलेले होते, आणि ज्यांच्या हाती पैसा होता त्यांना हत्ती म्हणजे केवळ हत्ती होता. लिलावात किंमत वाढण्यास वस्तू एक लागते, परंतु तिच्यासाठी झगडणारी माणसे निदान दोन लागतात, आणि ती दोन्ही मोकळी असावी लागतात. रघूजींच्या नावाला राज्य खालसा झाल्यानंतरच्या त्या दिवसांत किंमत नव्हती आणि २०२५ मध्ये ती आली, याचे कारण नाव जुने झाले हे नव्हे. ते वाचणाऱ्यांपाशी बोली लावण्याचे सामर्थ्य आले, हे आहे.

म्हणूनच लिलावातील आकड्याला मी वस्तूचा गुण मानीत नाही. तो त्या दिवशी दालनात जमलेल्या सत्तेचे मोजमाप आहे. आपल्याकडील १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाहीत. कायदा आवश्यकच होता, हे मी निःसंकोच म्हणेन. पण त्याचा एक चमत्कारिक परिणाम असा की, जे पूर्वीच बाहेर गेले त्यास जगाचा बाजार मिळाला, आणि जे घरी राहिले त्यास देशापुरता. भोसल्यांची तलवार माघारी आणण्यास म्हणूनच लंडनचा भाव मोजावा लागला. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जुन्या वाड्यांतून अडकित्ते, दिवे आणि दौती गोळा केल्या त्या काळी त्यांच्याविरुद्ध बोली लावणारा प्रतिस्पर्धी जवळजवळ नव्हता. असता, तर एका कवीच्या मिळकतीत तेवढा संग्रह उभा राहिला नसता. स्पर्धेच्या अभावानेही कधी कधी वस्तू वाचतात, याची नोंद लिलावगृहांच्या सूचीत सापडावयाची नाही.

गोंदियाच्या त्या दुकानात मी हे सारे मनात घोळवीत उभा होतो, आणि खरे सांगावयाचे तर, दुकानदाराने सांगितलेल्या भावाहून शंभर रुपये अधिक देऊन गुंड आपणच घ्यावा असा मोह मला झाला होता. तेवढ्यात म्हातारी पुढे झाली. पैसे मोजून घेण्यापूर्वी तिने गुंडाच्या गळ्यावर बोट ठेवले आणि दुकानदारास म्हणाली, “ते नाव पयले ठोकून टाका जी. माझ्या सासूचं नाव बजारात नोको.”

दुकानदाराने हातोडी उचलली.